ज्यू धर्मात येणं आणि जगभरातले नवे ज्यू समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या घरात वाढले. "तुमच्यात बाहेरच्या माणसाला येता येतं का?" हा प्रश्न मला शाळेपासून विचारला जातोय. अलीकडे त्यात भर पडली आहे. मणिपूरचे ज्यू कोण? आफ्रिकेतली माणसं ज्यू कशी झाली? डीएनए तपासून ज्यू ठरता येतं का? प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ज्यू जन्मावंच लागतं ना? बाहेरून होता येतं?

होता येतं. आई ज्यू असेल तर मूल ज्यू, हा जुना नियम आहे; पण बाहेरून येण्याची वाटही तितकीच जुनी आहे. बाहेरून आलेल्या पुरुषाला हिब्रूत 'गेर' म्हणतात, बाईला 'गियोरेत' आणि या सगळ्या प्रक्रियेला 'गियूर'.

याचं सगळ्यांत लाडकं उदाहरण म्हणजे रूथ. ती मोआब देशाची. नवरा वारल्यावर सासू नाओमी तिला माहेरी परत जा म्हणाली, पण ती हलली नाही. "तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव," असं ती म्हणाली. याच रूथचा पणतू म्हणजे दावीद राजा. शावुओथच्या सणाला तिची कथा वाचतात. मला नेहमी वाटतं की तिच्या वाक्यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी लोक, मग देव.

मराठी घरातल्या माणसाला हे समजावताना मी दत्तकाचा दाखला देते. दत्तक मूल घराण्यात आलं की त्याला घराण्याचं नाव मिळतं, कुळाचार मिळतो, सुतक-सोयर लागतं आणि जुनी देणीही त्याच्या वाट्याला येतात. पण दत्तक जाणाऱ्याची इच्छा पुरेशी नसते, घेणारं घरही लागतं. ज्यू धर्मात येणं बरंचसं असंच आहे, आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची गुंतागुंत याच एका गोष्टीतून निघते.

रब्बी तीनदा हाकलून देतात म्हणे?

नाओमीने रूथला तीनदा "परत जा" म्हटलं, त्यावरून ही प्रथा आली. काही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ती अक्षरशः पाळतात, काही नुसतं थांबायला सांगतात, पुन्हा भेटायला बोलावतात. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांची चर्चा असलेल्या जुन्या ग्रंथात, यासाठी ठरलेला प्रश्न आहे. आलेल्या माणसाला विचारायचं: "तुला काय दिसलं म्हणून आलास? आज इस्रायलचे लोक दुःखात आहेत, दडपलेले आहेत, छळ सोसताहेत, हे तुला ठाऊक नाही का?" तो म्हणाला, "ठाऊक आहे, आणि माझी तेवढी योग्यता नाही," तर त्याला लगेच घ्यायचं. मग काही सोप्या आज्ञा सांगायच्या, काही कठीण सांगायच्या, पण फार लांबण लावायची नाही, फार कीस काढायचा नाही.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण तो तीनदा नकार अपमानाचा नसतो. उद्या हे लोक संकटात सापडले तर तू त्यांच्यातच राहशील का, एवढंच त्यात विचारलेलं असतं.

ज्यू धर्म प्रचारक का पाठवत नाही, याचंही उत्तर इथे देऊन टाकते. ज्यू समजुतीप्रमाणे चांगल्या माणसाला देवाजवळ जायला ज्यू व्हावं लागत नाही. नोहाला दिलेल्या सात आज्ञा सगळ्या मानवजातीसाठी आहेत: खून नको, चोरी नको, मूर्तिपूजा नको, देवनिंदा नको, व्यभिचार नको, जिवंत प्राण्याचा तोडलेला अवयव खायचा नाही आणि न्यायालयं असावीत. बाकीचा भार ज्यूंनी स्वतःवर घेतला आहे. तो दुसऱ्यावर लादायचं कारणच उरत नाही.

प्रत्यक्षात काय काय करावं लागतं?

आधी शिकायचं. बहुतेक ठिकाणी किमान एक वर्ष तरी जातं, कारण सगळे सण एकदा अंगावरून जायला हवेत. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, कसा पाळायचा, स्वयंपाकघरात दूध आणि मांस वेगळं कसं ठेवायचं, प्रार्थना कुठे उभं राहून म्हणायची, हे पुस्तकातून येत नाही. कुणाच्या तरी घरी बसून, जेवून, उपास करून येतं. आमच्याकडे आज्यांनी सणांना स्वतःची मराठी नावं दिली होती. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पूर म्हणजे 'दरफाळणीचा सण'. शिकायला आलेल्या माणसाला मी ही नावं आधी सांगते. त्यांतून कळतं की हा धर्म घरात, चुलीजवळ राहिलेला आहे.

शिकून झालं की तीन जणांचं 'बेथ दीन', म्हणजे धर्मन्यायमंडळ बसतं. ते प्रश्न विचारतं आणि आज्ञा पाळायची तयारी आहे का ते बघतं. त्यानंतर मिक्वात बुडी घ्यायची. मिक्वा म्हणजे नैसर्गिक पाण्याचं कुंड, पावसाचं किंवा झऱ्याचं. समुद्र आणि बारमाही वाहती नदीही चालते. अंगावर काहीही ठेवायचं नाही, अंगठीसुद्धा नाही. डोक्यावरून पाणी गेलं पाहिजे, केसाचं टोकही वर राहता कामा नये. बाईची बुडी असेल तर देखरेखीला बायका असतात आणि बेथ दीनचे लोक बाहेर थांबतात.

मराठी माणसाला धर्मांतर म्हटलं की 14 ऑक्टोबर 1956 चं नागपूर आठवतं, लाखोंनी एकत्र घेतलेली दीक्षा आठवते. गियूर तसा एका वेळी सगळ्यांचा होत नाही. अख्खं गाव आलं असलं तरी बेथ दीनपुढे एकेकानेच जायचं, पाण्यात एकेकानेच उतरायचं.

पुरुषांना सुंता करावीच लागते का?

हो. परंपरेने चालणाऱ्या सगळ्या बेथ दीनांपुढे ती अट आहे. सुंता आधीच झालेली असेल तर टाचणीने टोचल्यासारखा रक्ताचा एक थेंब काढतात. प्रौढ वयात ही शस्त्रक्रिया डॉक्टरच्या देखरेखीखाली होते.

लग्नासाठी केलेलं धर्मांतर खरं मानतात का?

रब्बींना हे कारण आवडत नाही, आणि कडक बेथ दीन तेवढ्यासाठी आलेल्याला परत पाठवतं. पण गियूर रीतसर झाला असेल तर हेतू लग्नाचा होता म्हणून तो नंतर रद्द ठरत नाही, असं तालमूद सांगतं. माणूस एका कारणासाठी येतो आणि दुसऱ्याच कारणासाठी राहतो, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या नात्यातल्या एक वहिनी लग्नामुळे आल्या. आज शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायची वेळ सगळ्या घराला त्याच आठवण करून देतात.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडक परंपरावादी पंथाच्या नियमाने कोहेन घराण्यातल्या, म्हणजे पुरोहित वंशातल्या पुरुषाला गियोरेतशी लग्न करता येत नाही. वर्षभर अभ्यास करून शेवटी ही भिंत आडवी आलेली जोडपी आहेत, म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

नाव बदलतं का? आईवडिलांचं काय?

हिब्रू नाव मिळतं. त्यापुढे 'बेन' किंवा 'बात', म्हणजे मुलगा किंवा मुलगी, आणि मग अब्राहाम व सारा. वंशवेल थेट मूळ जोडप्याला जाऊन मिळते. रोजचं नाव बदलायची सक्ती नसते.

"गियूर झालेला माणूस नुकत्या जन्मलेल्या बाळासारखा," असं तालमूदचं वचन आहे. त्याचा अर्थ आईवडिलांना टाकायचं असा कुणी काढू नये. थोर ज्यू धर्मपंडित मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे की गेरने आपल्या ज्यू नसलेल्या वडिलांचा अवमान करायचा नाही.

त्याच रामबामांचं बाराव्या शतकातलं एक पत्र मला फार जवळचं आहे. ओवादिया नावाच्या गेरने त्यांना विचारलं, "प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांचा देव' असं मी म्हणू का? माझे पूर्वज तर ते नव्हते." रामबामांनी उत्तर दिलं की सगळं जसंच्या तसं म्हण, एक शब्दही बदलू नकोस, कारण अब्राहाम तुझाही बाप आहे. हा प्रश्न विचारताना त्या माणसाचा आवाज किती खाली गेला असेल, असं मला दर वेळी वाटतं.

ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म... कुणाचं धर्मांतर चालतं?

कुठे चालायला हवं, यावर ते अवलंबून आहे. ऑर्थोडॉक्स बेथ दीन सहसा फक्त ऑर्थोडॉक्स गियूर मानतं. कन्झर्व्हेटिव्ह पंथ सुंता, मिक्वा आणि बेथ दीन या तिन्ही गोष्टी मागतो, पण काळानुसार अर्थ लावतो. रिफॉर्म पंथ सगळ्यांत मोकळा.

इस्रायलचा परतीचा कायदा 1950 चा. 1970 मध्ये त्यात व्याख्या घातली गेली: ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा ज्यू धर्मात आलेला, आणि दुसऱ्या धर्मात नसलेला. परदेशात कन्झर्व्हेटिव्ह किंवा रिफॉर्म गियूर झालेल्यांना या कायद्याखाली आधीपासून नागरिकत्व मिळत होतं. मार्च 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलमध्ये झालेल्या अशा गियूरलाही नागरिकत्वापुरती मान्यता दिली. लग्न मात्र अजूनही मुख्य रब्बींच्या कार्यालयाच्या ताब्यात आहे आणि ते फक्त ऑर्थोडॉक्स गियूर मानतं. म्हणजे एकच माणूस एका खिडकीवर ज्यू असतो आणि शेजारच्या खिडकीवर नसतो. हे मला चुकीचं वाटतं आणि मी ते लपवणार नाही.

एखादं गाव आपलं आपण ज्यू झालं, असं खरंच घडलंय का?

घडलंय, आणि ती गोष्ट सांगायला मला कधीच कंटाळा येत नाही.

दक्षिण इटलीत सान निकान्द्रो गार्गानिको नावाचं एक गरीब गाव आहे. तिथे दोनातो मांदूत्सिओ राहत असे. जन्म 1885 चा, पहिल्या महायुद्धातून तो पायाने अधू होऊन परतला. शाळेत गेलेला नव्हता, वाचायला उशिरा शिकला. गावात गोष्टी सांगायचा, जडीबुटीचं औषध द्यायचा. 1930 मध्ये त्याच्या हाती बायबल आलं. त्यातला जुना करार वाचता वाचता त्याची खात्री पटली की खरा धर्म हाच. त्याला दृष्टान्त झाला, आणि शेजारपाजारची शेतमजूर कुटुंबं त्याच्याभोवती जमली. ते शब्बाथ पाळू लागले, मुलांना हिब्रू नावं देऊ लागले.

यातली काळजाला लागणारी गोष्ट अशी, की जगात ज्यू अजून शिल्लक आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटत होतं की हे लोक कधीच नामशेष झाले आणि देवाने तो धर्म पुन्हा जागा करायला आपल्याला निवडलं आहे. एका फेरीवाल्याने सांगितलं की मोठ्या शहरांत ज्यू राहतात. मग मांदूत्सिओने रोमच्या मुख्य रब्बींना पत्रं लिहायला सुरुवात केली. कुणीतरी थट्टा करतंय असं समजून सुरुवातीला उत्तरच आलं नाही.

1938 मध्ये इटलीत वंशभेदाचे कायदे आले. ज्यू असणं धोक्याचं झालं, शहाण्यासुरत्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे दिवस. आणि हे लोक, ज्यांना कुणी ज्यू मानतही नव्हतं, ते आम्ही ज्यू आहोत म्हणत राहिले. तालमूदचा तो प्रश्न, "आज हे लोक दुःखात आहेत, ठाऊक नाही का?", त्यांना कुठल्याही बेथ दीनने विचारण्याआधी इतिहासाने विचारला होता.

युद्धात ब्रिटिश सैन्यातले पॅलेस्टाइनचे ज्यू सैनिक त्या भागातून गेले. त्यांच्या गाड्यांवर दावीदाचा तारा होता. गावकरी धावत रस्त्यावर आले. 1946 मध्ये रीतसर सुंता आणि बुडी झाली. 1949 पर्यंत बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. मांदूत्सिओ मात्र 1948 मध्येच वारला, त्याच गावात. मागे राहिलेल्या थोड्या घरांतल्या बायकांनी स्वतः रचलेली गाणी म्हणत शब्बाथ चालू ठेवला, आणि तो समाज आजही तिथे आहे. आमच्याकडेही बायकांच्या मराठी गाण्यांनी बरंच काही टिकवलं, म्हणून हे वाचताना मला ते परकं वाटत नाही.

युगांडात ज्यू कसे?

पूर्व युगांडातल्या म्बाले शहराजवळ अबायुदाया समाज आहे. लुगांडा भाषेत या शब्दाचा अर्थ 'यहुदाचे लोक'. सुरुवात सेमेई काकुंगुलू या सरदाराने केली. तो इंग्रजांसाठी लढला, प्रदेश जिंकून दिला, आणि मग इंग्रजांनीच त्याची सत्ता कमी केली. मिशनऱ्यांनी दिलेलं बायबल त्याने स्वतः वाचलं आणि 1919 मध्ये स्वतःची आणि मुलांची सुंता केली. "सुंता तर ज्यू करतात," असं लोकांनी बजावल्यावर त्याचं उत्तर होतं, "मग आम्ही ज्यू." 1920 च्या सुमारास योसेफ नावाचा एक परदेशी ज्यू त्यांच्यात काही महिने राहिला. त्याने पंचांग, सण, खाण्याचे नियम शिकवले. काकुंगुलू 1928 मध्ये वारला.

पुढे इदी अमीनच्या राजवटीत ज्यू धर्मावर बंदी आली. सिनेगॉगं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळं, बंद झाली, बहुतेक लोक ख्रिस्ती किंवा मुसलमान झाले आणि जेमतेम तीनशे उरले. 1979 मध्ये अमीन गेला, आणि 1980 च्या दशकात तरुण पोरांनी नाबुगोये टेकडीवर पुन्हा सुरुवात केली.

2002 मध्ये कन्झर्व्हेटिव्ह रब्बींचं बेथ दीन तिथे गेलं आणि सुमारे चारशे लोकांचा गियूर झाला. काही जणांनी तेव्हा विचारलं, आमच्या आजोबांपासून आम्ही हे पाळतोय, आता कसलं धर्मांतर? हा प्रश्न रास्त आहे. काहींनी नकार दिला, बहुतेकांनी मान तुकवली, कारण जगातल्या बाकीच्या ज्यूंशी जोडलं जायचं होतं. गेर्शोम सिझोमू यांनी अमेरिकेत शिकून 2008 मध्ये रब्बीची दीक्षा घेतली आणि 2016 मध्ये ते युगांडाच्या संसदेवर निवडून आले. त्याच भागात ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान शेतकऱ्यांनी मिळून कॉफीची सहकारी संस्था काढली आहे. सहकाराच्या मुलखातल्या वाचकांना ती लगेच जवळची वाटेल.

इस्रायलमध्ये मात्र त्यांची वाट अजून अडखळती आहे. 2016 मध्ये ज्यू एजन्सीने, म्हणजे जगभरच्या ज्यूंना इस्रायलला यायला मदत करणाऱ्या संस्थेने, त्यांना मान्यता दिली, आणि 2018 मध्ये तिथल्या गृहखात्याने या समाजातून आलेला नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला.

आणखी कुठे असे समाज आहेत?

पेरूत काहामार्काच्या डोंगराळ भागात सेगुन्दो बियानुएवा या सुताराने बायबल वाचत वाचत एकेक पंथ सोडला आणि शेवटी ज्यू धर्माशी येऊन थांबला. लिमातल्या जुन्या, सुखवस्तू ज्यूंनी त्याच्या माणसांना जवळ केलं नाही. 1989 मध्ये इस्रायलहून बेथ दीन गेलं आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतली बरीच कुटुंबं तिकडे स्थायिक झाली.

त्याच देशात अमेझॉनच्या काठी इकितोस आहे. तिथवर मोटाररस्ता जात नाही, विमानाने किंवा नदीनेच जावं लागतं. रबराच्या तेजीच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मोरोक्कोचे ज्यू व्यापारी तिथे गेले आणि स्थानिक बायकांशी त्यांनी संसार मांडले. त्यांच्या पतवंडांना आडनावं आणि दफनभूमी मिळाली, पण आईकडून वारसा न आल्यामुळे गियूर करावाच लागला.

मादागास्करमध्ये मे 2016 मध्ये 121 जणांचा गियूर नदीत झाला. घानात सेफ्वी विआव्सोला 1970 च्या दशकापासून एक समाज आहे. नायजेरियात इग्बो लोकांमध्ये अनेक छोटी सिनेगॉगं आहेत. पोर्तुगालमधल्या बेलमोन्तेची कथा उलटी आहे. तिथले लोक जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचे वंशज, आणि त्यांनी चारशेहून अधिक वर्षं बंद दाराआड सण पाळले. तरी 1990 च्या दशकात उघडपणे परतताना त्यांनाही विधी करावा लागला. तिथलं सिनेगॉग 1996 चं.

मणिपूर-मिझोरामचे 'बनेई मनाशे' कोण?

कुकी-चिन-मिझो लोकांपैकी काही. त्यांच्या जुन्या गाण्यांत 'मनमासी' नावाचा पूर्वज येतो. तो म्हणजे प्राचीन इस्रायलच्या हरवलेल्या दहा वंशांपैकी मनाशे, अशी त्यांची श्रद्धा आहे. 1951 मध्ये मिझोराममधल्या एकाला दृष्टान्त झाला आणि चळवळ सुरू झाली. त्याआधी हे बहुतेक ख्रिस्ती होते. 1980 च्या सुमारास रब्बी एलियाहू अविखाइल यांचा त्यांच्याशी संबंध आला. 2005 मध्ये मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना इस्रायलचे वंशज म्हटलं, पण गियूरची अट ठेवली. त्याच वर्षी बेथ दीन मिझोरामला आलं, भारत सरकारने हरकत घेतली आणि पुढचे गियूर देशाबाहेर होऊ लागले.

आज सुमारे पाच हजार लोक इस्रायलमध्ये आहेत. 2023 च्या मणिपूरच्या हिंसाचारात मागे राहिलेल्यांचीही घरं आणि प्रार्थनास्थळं जळाली. उरलेल्या सुमारे 5,800 जणांना 2030 पर्यंत नेण्याचा निर्णय इस्रायल सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये घेतला.

आंध्रात गुंटूर जिल्ह्यातल्या कोत्तारेड्डीपालेम इथे बेने एफ्राइम आहेत. माडिगा या दलित जातीतली ही काही तेलुगू कुटुंबं. त्यांना अजून कुठल्या मोठ्या धर्मसंस्थेची मान्यता नाही.

गरिबीतून सुटायला, इस्रायलला जायला हे लोक ज्यू होतात, नाही का?

काही जणांच्या मनात ते असेल. पण हिशोब मांडून बघा. काकुंगुलूने सुंता केली तेव्हा इस्रायल देशच नव्हता. मांदूत्सिओने 1938 मध्ये जे नाव लावलं, त्याने त्या काळात फक्त नुकसान होत होतं. बेने एफ्राइमला ख्रिस्ती राहूनच अधिक मदत मिळाली असती. आणि समजा कुणाला जातीच्या ओझ्यातून सुटायचं असेलही. माणसाने ताठ उभं राहता येईल अशा जागी जावं, यात वाईट काय आहे? महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मला हा प्रश्न बोचतो, कारण तो श्रीमंत देशातल्या गोऱ्या गेरला कुणी विचारत नाही.

डीएनए चाचणीने ज्यू ठरता येतं का?

नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने आई ज्यू किंवा गियूर, या दोनच वाटा. दक्षिण आफ्रिका आणि झिंबाब्वेतल्या लेम्बा लोकांचं उदाहरण सगळे देतात. त्यांच्यातल्या बुबा कुळातल्या बऱ्याच पुरुषांमध्ये कोहेन घराण्यांत आढळणारी खूण सापडली, आणि जगभर बातमी झाली. नंतरच्या अभ्यासांनी पश्चिम आशियाशी नातं मान्य केलं, पण ते नक्की ज्यूंशीच आहे हे ठामपणे सांगता येत नाही, असं म्हटलं. आज बहुतेक लेम्बा ख्रिस्ती आहेत आणि डुकराचं मांस न खाणं, सुंता करणं हे जुने रिवाजही पाळतात. रक्तातली खूण माणसाला कुतूहल देते, शब्बाथ देत नाही.

मग बेने इस्रायलींचंही धर्मांतरच झालं होतं ना?

हा प्रश्न आला की माझ्या आजोबांची मान ताठ व्हायची. आमची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात पसरला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आमच्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, असे दोन्ही अंश दिसले.

तरीही आम्हाला दारात उभं केलं गेलं. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली, की बेने इस्रायली व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या घराण्याची, मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. कोकणातून, मुंबईतून गेलेल्या माणसांनी आज्या-पणज्यांचे पुरावे आणायचे कुठून? 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आमच्या लोकांनी ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत, आणि सूचनेतून आमचं नाव गेलं.

म्हणून अबायुदायांचा अर्ज फेटाळल्याची बातमी मी दुसऱ्या कुणाची म्हणून वाचू शकत नाही.

आणि हेही सांगायलाच हवं, की दारात उभं करण्याचं पाप आमच्या हातूनही झालं आहे. आमच्यात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या बाईपासून झालेल्या मुलांचा वंश तो 'काळा', आणि त्यांच्याशी सोयरीक नाही. आता तो जवळजवळ गेला. पण आजीच्या पिढीला कोणाचं घर कुठलं ते पाठ होतं.

भारतात राहून ज्यू व्हायचं असेल तर?

अवघड आहे. भारतात आज चार-पाच हजार ज्यू उरले असतील आणि कायमचं बेथ दीन नाही. गंभीरपणे इच्छा असणाऱ्याला बहुधा परदेशातल्या रब्बींशी संपर्क ठेवून अभ्यास करावा लागतो आणि शेवटचा विधी तिकडे जाऊन करावा लागतो. पैसे आगाऊ घेऊन काही आठवड्यांत प्रमाणपत्र देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते प्रमाणपत्र कुठेही चालत नाही.

सुरुवात साधी ठेवा. जवळच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या बोलीत मशिदीत, आधी फोन करून जा. सुरक्षेमुळे ओळखपत्र विचारतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुंबईतलं आमचं सगळ्यांत जुनं, शाआर हारहामिम, 1796 चं आहे. जवळच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आम्ही मानतो. हिब्रू अक्षरं शिका. पंचवीस शब्बाथ येऊन बसा. त्यानंतरही यावंसं वाटलं तर बोलू.

सिनेगॉगमध्ये एखादा नव्याने आलेला माणूस भेटला तर त्याला काय विचारू नये?

आधी कोण होतास, का आलास, घरच्यांना चाललं का, यातलं काहीही नाही. गेरला त्याच्या मागच्या आयुष्याची आठवण करून देणं तालमूदमध्ये स्पष्ट मना आहे, आणि परक्याला जपा असं तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, 36 वेळा सांगते, असं तिथेच मोजून ठेवलं आहे. हिब्रू नाव विचारावं. बाकावर सरकून जागा द्यावी. प्रार्थना भराभर पुढे जात असेल आणि तो पानं चाळत असेल, तर आपलं पुस्तक त्याच्यापुढे धरून कितव्या पानावर आहोत ते बोटाने दाखवावं.